बाबांचं गीला-सूखा

त्या पाच महिन्यांत प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचं माझ्या जिवावर यायचं. आत काही वाघ बसलेला नव्हता. एक उपडी घातलेली माशांची काचेची टाकी होती आणि तिच्यात आदल्या दिवशी केलेल्या तीन-चार पट्ट्या. त्या पट्ट्यांकडे बघायचीच मला भीती वाटायची, आणि बघितल्याशिवाय भागायचंही नाही.

मी काय करत होते ते आधी सांगून टाकते, नाहीतर आमच्या नातेवाइकांसारखं तुम्हीही विचाराल, "म्हणजे काच बनवतेस का गं?" वाळू ज्या वस्तूची असते तीच सिलिका. तिचा केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ थर मी काचेच्या पट्टीवर चढवत होते, आणि त्या थरात मला भोकं हवी होती, सगळी एका मापाची, ओळीत बसलेली. सिलिकाच्या द्रावणात साबणासारखा एक पदार्थ घालायचा. पट्टी त्यात बुडवून सावकाश वर ओढायची. स्पिरिट उडायला लागलं की साबणाचे रेणू आपणहून एकत्र येऊन बारीक कांड्या बनवतात, कांड्या शेजारी-शेजारी रचल्या जातात आणि त्यांच्या भोवती सिलिका आवळत जाते. मग भट्टीत हळूहळू तापवलं की साबण जळून जातो आणि कांड्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. भोक केवढं, ते साबण ठरवतो. पण भोकं रांगेत बसणार की विस्कटणार, हे पट्टी वर येतानाच्या मिनिटभरात भोवतालची हवा किती दमट आहे त्यावर असतं.

आईला हे एकदाच सांगितलं, लगेच कळलं. म्हणाली, "म्हणजे अनारशाचंच की. जाळी पडली तर पडली, नाहीतर हसला." तुपात सोडल्यावर अनारसा फसकन पसरला की आमच्याकडे तो हसला म्हणतात. त्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या पट्ट्या हसत होत्या, फक्त मी रडकुंडीला आले होते.

जाळी एकदाच पडली होती, श्रावणात, पावसानं जरा उघडीप दिली होती त्या दिवशी. भौतिकशास्त्राच्या लोकांकडून आठवड्यासाठी मागून आणलेल्या मीटरवर हवेचा दमटपणा साठ टक्के दिसत होता. ती पट्टी एक्स-रेला पाठवली. यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं, नंबर लावून बसावं लागायचं. कागद आला तर त्यावर एक उंच, सरळ उभी रेघ. भोकं रांगेत बसली असली तरच ती येते. माझे गाईड, म्हणजे आमचे सर, खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, "रिपीट होतंय ना?"

मी म्हटलं, "हो सर."

झालं नव्हतं. मी परत करूनच बघितलं नव्हतं. इतक्या आनंदात 'अजून नाही' म्हणायला जीभ वळेना, आणि वाटलं, होईलच की, आज नाही तर उद्या. सरांनी ते वार्षिक अहवालात लिहून टाकलं. अहवाल गेला. आणि दसऱ्यानंतर मी परत करायला बसले तर काहीच होईना. कधी थर तडकायचा, कधी दिसायला झकास, पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग, पण एक्स-रेच्या कागदावर सपाट मैदान. फाल्गुनात कमिटी बसणार होती. पट्टी परत जमलेली दाखवली तर फेलोशिप पुढे चालू, नाहीतर बंद. आणि बंद झाली असती ती 'खोटं बोलली' या शेऱ्यासकट. घरात तेव्हा फेलोशिपशिवाय दुसरं काही येत नव्हतं, कारण बाबांची मिल बंद पडली होती.

त्या वर्षांत इंदूरच्या मिली एकेक करून थंड पडत होत्या. भोंगा वाजेनासा झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका वेळ विचारत फिरायच्या. आणि त्याच वेळी बाजारात झगमगाट वाढत होता, नवीन शोरूम, घरोघरी केबल. बाबा आधी रोज मिलच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. मग जाईनासे झाले. घरात एक नियम आपोआप पडला. बाबांना मिलचं काही विचारायचं नाही. आई पाळायची, मी पाळायचे, पाहुणे आले तर त्यांनाही दारातच खुणेनं सांगायचो.

बाबा मिलमध्ये हवेचं काम बघायचे. विणाईच्या शेडमध्ये हवा कोरडी पडली की सूत कडक होतं आणि फटाफट तुटतं, म्हणून छतालगतच्या फवाऱ्यांनी हवा दमट ठेवायची आणि दर दोन तासांनी रजिस्टरात आकडा लिहायचा. आकडा बघायला लाकडी पाटीवर दोन थर्मामीटर. एक उघडं, दुसऱ्याच्या बुडाला ओली कापडी वात, वातीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. ओलं थर्मामीटर थंड राहतं. दोघांत फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. बाबा त्याला गीला-सूखा म्हणायचे. मिल बंद झाली तेव्हा ते भंगारात निघालं होतं, बाबांनी घरी आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली. त्याच्या बाटलीत पाणी मात्र आई न चुकता भरायची. का भरायची ते तिलाही माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतर बसले तोवर मागून आणलेलं मीटर परत गेलं होतं, नवीन मीटरची फाइल कुठेतरी अडकली होती, तेव्हा मी न विचारता भिंतीवरचं गीला-सूखा काढलं आणि पिशवीत घालून नेलं. विचारणार कसं? नियम होता ना! टाकीत ओले स्पंज ठेवायचे, गीला-सूखा साठावर आलं की पट्टी ओढायची, असं माझं चाललं होतं. आकडा साठच, द्रावण तेच, भट्टी तीच. तरी हसतच होत्या मेल्या.

कमिटीला पंधरा दिवस उरले. रविवारची सकाळ होती, आई पोळ्या करत होती, बाबा शिळा पेपर वाचत होते. मी पोळीचे नुसते तुकडे करत बसले होते. आणि एकदम माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हवा साठवर आहे असं गीला-सूखा दाखवत असेल, तर ती साठवर असतेच ना?"

आईचा हात तव्यावरच थांबला. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे ते तुझ्याकडे आहे?"

"हो. लॅबमध्ये."

"पाच महिने खिळा रिकामा आहे. मला वाटलं विकलं तुम्ही लोकांनी. म्हणून चूप बसलो."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. घरातल्या वस्तू विकायची वेळ आली, असं समजून हा माणूस पाच महिने त्या खिळ्याखाली बसून जेवत होता. मी काही बोलायच्या आत बाबा उठले, शर्ट चढवला आणि म्हणाले, "चल, दाखव."

नगरसेवेच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, मागे पडल्या. बाबांनी निघताना घाईत दाढीही केली होती हे मला तेव्हा दिसलं.

लॅबमध्ये येताच त्यांनी टाकी उचलली, वात दोन बोटांत धरली आणि चोळली. पांढरी पूड पडली.

"कुठलं पाणी घालतेस?"

"नळाचं. म्हणजे इथे बोरिंगचंच येतं. आई पण घरी बोरिंगचंच घालायची."

"बोरिंगचं! शाब्बास. आणि हे काय बरणीभर ठेवलंय?"

"डिस्टिल्ड वॉटर. ते द्रावणासाठी आहे बाबा, वाया नाही घालवायचं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे यार, डॉक्टर होणार आहेस ना तू? बोरिंगच्या पाण्यात चुना. वात चुन्यानं भरली, पाणी चढेना. पाणी चढेना तर गीला थंड कसा राहील? तो पण सूखाच झाला. दोघांत फरक कमी, म्हणजे आकडा फुगला. वात दर सोमवारी बदलायची असते बेटा. आम्ही बॉयलरच्या वाफेचं पाणी घालायचो."

खिशातला रुमाल काढून त्यांनी त्याची एक पट्टी फाडली. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड, त्यात खळ राहिली नव्हती. डिस्टिल्ड पाण्यात ती उकळली, थर्मामीटरच्या बुडाला नीट गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. मी नेहमी ठेवायचे तेवढेच स्पंज टाकीत ठेवले. "हवा हलली पाहिजे," म्हणत बाबांनी टाकीची एक कड उचलून धरली आणि टेबलावरची माझी वही घेऊन वातीला वारा घालायला लागले. पारा उतरत गेला. उतरतच गेला. दोन पाऱ्यांतल्या फरकावरून टक्के सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं तर एकेचाळीस.

मी टाळीच वाजवली. पाच महिने मी एकेचाळीसच्या हवेत पट्ट्या ओढत होते! मी मूर्ख ठरले होते, पण मूर्खपणाला इलाज होता. मी बाबांकडे वळले तर त्यांचं लक्ष पाऱ्याकडे नव्हतंच. वारा घालता घालता वही उघडली होती आणि ते वाचत होते. दमटपणाच्या रकान्यात पानंच्या पानं साठ, साठ, साठ.

"हे पाच दिवस तू एका बैठकीत लिहिलेत," ते म्हणाले.

खरं होतं. स्पंज तेवढेच ठेवते, आकडा तोच असणार, म्हणून कितीतरी दिवस मी न बघताच साठ लिहून टाकला होता. पण हे त्यांना कळलं कसं?

"शाई एक, हाताचा दाब एक. मला कळतं," म्हणाले. आणि स्टुलावर बसले. त्यांनी वही मिटली, परत उघडली, परत मिटली. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, मिलच्या गेटला कुलूप लागलं त्या दिवशीसुद्धा नाही.

मग त्यांनी सांगितलं. आईलाही ठाऊक नव्हतं. मिलच्या शेवटच्या वर्षी फवाऱ्यांची तोंडं चुन्यानं बुजली होती. नवीन मागवायची नाहीत असा वरून इशारा होता, मिल बंदच करायची होती. साहेबानं सांगितलं, रजिस्टर में साठ लिखो, रोज. बाबांनी लिहिलं. शेडमध्ये हवा इतकी सुकी होती की उडालेली रुई अंगाला चिकटून बसायची आणि सूत तुटत राहायचं. मागच्या ओळीतल्या एका विणकराला नोटीस मिळाली की तू जाणूनबुजून काम बिघडवतोस. तो म्हणाला, हवा सूखी है. चौकशीत बाबांचं रजिस्टर टेबलावर आलं.

"मला विचारलं, ये लिखावट आपकी है? मी म्हटलं, है. पुढे काहीच विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. त्याला काढलं. दोन महिन्यांनी मिलच बंद पडली, आम्ही सगळेच घरी आलो. पण आम्ही मिल बंद पडली म्हणून आलो. तो कामचोर ठरून गेला. बाईस साल का कारीगर होता."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला लिहायला लावलं होतं."

"आणि तुला कोणी लावलं?" ते माझ्यावर खेकसले. मग लगेच आवाज उतरला. "अक्षर कोणाचं आहे, तेवढंच बघतात शेवटी."

त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली. आधी नुसती पट्टीची होती, आता वहीची पण. नव्या वातीवर मी साठ गाठला, खराखुरा साठ, आणि आठवड्याभरात तीन पट्ट्या ओढल्या. बाबा रोज यायचे, वात बघायचे, एका कोपऱ्यात बसायचे. पट्ट्या एक्स-रेला गेल्या आणि कमिटीच्या आदल्या दिवशी दुपारी कागद आले. दोन पट्ट्यांच्या कागदांवर अगदी बारीक फुगवटा, म्हणजे रांगा अर्धवट. तिसरीवर उभी रेघ. श्रावणातल्यासारखी उंच.

मी सरांकडे धावत गेले आणि सगळं ओकून टाकलं, वात, साठ, न बघता लिहिलेले आकडे, श्रावणातलं 'हो सर'. सरांनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता रिपीट झालंय ना? मग अहवाल खराच ठरला. उद्या नवीन वही आण. जुनी आणलीच पाहिजे असं काही नाही. कशाला उकरतेस?"

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. नवीन वहीत एक खरी पट्टी होती, तिला कोण काय म्हणणार होतं? सकाळी निघताना बाबा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या पिशवीकडे नुसतं बघितलं. मी परत आत गेले आणि जुनी वही पिशवीत टाकली. रागच आला मला त्यांचा. इतका की चप्पल घालताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

कमिटीत तिघे होते. मी नवी पट्टी दाखवली, मग जुनी वही पुढे सरकवली आणि सांगितलं. मधला म्हातारा शास्त्रज्ञ पानं उलटत राहिला.

"यातले खरे साठ किती?"

"एकही नाही सर."

"आणि अहवालात रिपीट झाल्याचं लिहिलंय ते?"

"तेव्हा झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. सरांना माहीत नव्हतं."

मला बाहेर बसवलं. व्हरांड्यात बाकावर बाबा होते, माझ्या मागच्याच बसनं आले असणार. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. बाबा मांडीवर हाताची घडी घालून ताठ बसले होते, चौकशीला बोलावल्यासारखे. अर्ध्या तासानं आत बोलावून सांगितलं, फेलोशिप सहा महिने चालू राहील, पट्टी पाचदा जमवून दाखवायची, खोट्या विधानाची नोंद फाइलवर राहील. सर माझ्याशी पुढे कितीतरी महिने कामापुरतंच बोलले.

बाहेर येऊन मी सांगितलं. बाबांनी मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी हातोदला जाऊन येतो."

तो विणकर आता इंदूरजवळ हातोदच्या धान्य मंडीत पोती उचलत होता. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी म्हटलं मी येते, तर ओरडले, "तू आली होतीस का माझ्यासोबत तेव्हा? मग आता पण नको." आणि निघून गेले. त्या दुपारी मला जी भीती वाटली तिच्यापुढे कमिटी काहीच नव्हती. तो माणूस त्यांना मारेल, शिव्या देईल, मंडीत चार लोकांसमोर उभं करेल, नाही नाही ते डोक्यात येत होतं. आई दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येत होती.

दिवेलागणीच्या आधी बाबा आले. हातात ओल्या हरभऱ्याची मोठी जुडी होती. त्यांनी ती आईसमोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

"भेटला?" आईनं विचारलं. तिला सगळं मी दुपारीच सांगितलं होतं.

"भेटला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. हम्मालांच्या बाकावर बसवून चहा पाजला. हा हरभरा पण त्यानंच बांधून दिला, नको म्हटलं तरी."

"रागावला नाही ना?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "एवढंच बोलला, 'सच तो बोल दिया भिया, पर अब ये मैं किसको जाके बताऊँ?'"

मिलच्या गेटला कुलूप होतं, साहेब शहर सोडून गेला होता आणि ते रजिस्टर रद्दीत गेलं की जळलं, कोणाला ठाऊक नव्हतं. आईनं परात ओढून हरभरा सोलायला घेतला, मी पण बसले. बाबा आमच्या हातांकडे बघत होते. त्यांनी त्यातला एकही दाणा तोंडात टाकला नाही.